कूटसाक्ष : शपथेवरच्या असत्याचा कायद्यातील अर्थ

सकाळी दहाच्या सुमारास पालघरच्या न्यायालयाबाहेर टंकलेखकांची टेबले मांडली जातात. बोईसरहून, डहाणूहून, विरारहून आलेल्या गाड्या रिकाम्या होतात आणि हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्डाच्या प्रती घेतलेली माणसे त्या टेबलांभोवती जमतात. कोणाला नावातील बदलाचे प्रतिज्ञापत्र हवे असते, कोणाला हरवलेल्या कागदाचे, कोणाला वारसांचे. मजकूर बहुधा तयारच असतो. नाव, वय, धंदा, पत्ता एवढे बदलायचे. शेवटी ठरलेले वाक्य येते, की वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे. त्याखाली सही होते, नोटरीचा शिक्का बसतो, आणि माणूस पुढच्या गाडीची वेळ पाहू लागतो.

आपण काय लिहून दिले, हे सही करणाऱ्या किती जणांनी वाचलेले असते? तारापूरची औद्योगिक वसाहत, बोईसरची बाजारपेठ आणि पालघरचे जिल्हा मुख्यालय या पट्ट्यात व्यापार करणाऱ्या कुटुंबाला वर्षातून अनेकदा शपथेवर काही ना काही सांगावे लागते. धनादेशाचा दावा, कराची चौकशी, भाडेकरूशी वाद, वडिलांच्या ठेवींवरील वारसा, अशी कामे घरोघरी असतात. त्यांतील एखादे वाक्य जाणूनबुजून खोटे असेल तर कायदा त्याला काय म्हणतो, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

परंपरेने दिलेले नाव

जैन श्रावकाला हा विषय परका नसावा. दुसऱ्या अणुव्रतात ज्या मोठ्या असत्यांचा त्याग सांगितला आहे, त्यांत पाच प्रकार गणले जातात : कन्येविषयी खोटे, गाय म्हणजे पशुधनाविषयी खोटे, भूमीविषयी खोटे, दुसऱ्याची ठेव नाकारणे आणि पाचवे कूटसाक्ष, म्हणजे खोटी साक्ष. अतिचारांच्या पाठात ‘कूडसक्खे’ हा शब्द दरवर्षी कानावर पडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातही सत्यव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, आणि न्यासापहार, म्हणजे ठेवणाऱ्याच्या विसराळूपणाचा फायदा घेऊन ठेव बुडवणे, यांची नोंद आहे. यादी पाहिली तर जाणवते, की ती व्यवहारात राहणाऱ्या गृहस्थासाठी केलेली आहे. विवाह, जनावर, जमीन, ठेव आणि साक्ष ही त्या काळच्या व्यवहाराची पाच दारे होती.

हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात येणारी वसुराजाची कथा याच पाचव्या दाराची आहे. क्षीरकदंब गुरूंचा मुलगा पर्वत, नारद आणि राजपुत्र वसू हे तिघे सहाध्यायी. पुढे पर्वत आणि नारद यांच्यात ‘अज’ या शब्दाच्या अर्थावरून वाद पेटला. यज्ञात अजाचा उपयोग करावा असे म्हटले आहे, तर अज म्हणजे बोकड की पुन्हा न उगवणारे तीन वर्षांचे जुने धान्य? नारदाला गुरूंनी सांगितलेला धान्य हा अर्थ आठवत होता. पर्वत बोकडावर अडून बसला, आणि दोघांनी वसुराजाला साक्षी मानले. वसूलाही खरा अर्थ ठाऊक होता. पण पर्वताची आई, म्हणजे गुरुपत्नी, आदल्या दिवशी त्याच्याकडे आली आणि मुलाला वाचवण्याची याचना करून गेली. वसूचे सिंहासन पारदर्शक स्फटिकाच्या चौथऱ्यावर होते, त्यामुळे तो सत्याच्या बळावर अधांतरी बसतो अशी त्याची ख्याती होती. भरसभेत त्याने पर्वताच्या बाजूने साक्ष दिली आणि त्याच क्षणी तो सिंहासनावरून खाली कोसळला.

या कथेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वसूला त्या साक्षीतून एक कवडीही मिळणार नव्हती. तो लोभाने खोटे बोलला नाही, भिडेने बोलला. बाजारात आणि नात्यागोत्यात दिल्या जाणाऱ्या पुष्कळशा खोट्या साक्षींचे मूळ आजही तेच आहे. मेहुण्याचा दावा असतो, शेजारच्या पेढीवाल्याचा आग्रह असतो, आणि ‘तुम्ही फक्त सही करा, बाकी वकील पाहून घेतील’ असे आश्वासन असते.

कायदा काय म्हणतो

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम १९१ मध्ये खोट्या पुराव्याची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ ने घेतली; व्याख्येचा गाभा तोच राहिला. त्यात चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, बोलणारा माणूस शपथेने किंवा कायद्याच्या स्पष्ट तरतुदीने सत्य सांगण्यास बांधलेला असला पाहिजे. दुसरी, त्याने काही विधान केलेले असले पाहिजे; ते तोंडी असो वा लेखी. तिसरी, ते विधान खोटे असले पाहिजे. आणि चौथी, ते खोटे आहे हे त्याला माहीत असले पाहिजे, किंवा ते खोटे आहे असे त्याला वाटत असले पाहिजे, किंवा ते खरे आहे असा त्याचा विश्वास नसला पाहिजे.

चौथी अट सर्वांत महत्त्वाची आहे. साक्षीदाराची तारीख चुकली, त्याने रक्कम प्रामाणिकपणे चुकीची सांगितली, तर तो गुन्हा नाही. कायद्यातच याचे उदाहरण दिले आहे : एखाद्याचे हस्ताक्षर ओळखणारा माणूस एक सही त्याचीच आहे असे सद्भावनेने सांगतो, आणि ती सही त्याची नसल्याचे नंतर निघते. सांगणारा दोषी नाही, कारण त्याने आपला विश्वास खरा सांगितला. याच्या उलट उदाहरणही तेथेच आहे. एक माणूस अमुक व्यक्ती अमुक दिवशी अमुक ठिकाणी होती हे आपणास ठाऊक असल्याचे सांगतो, आणि प्रत्यक्षात त्याला त्याविषयी काहीच माहिती नसते. अशा वेळी ती व्यक्ती खरोखर तेथे असली तरी सांगणारा खोटा पुरावा देतो. ‘मला माहीत आहे’ हेच त्याचे असत्य असते. न पाहिलेल्या व्यवहारावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांनी हे उदाहरण मनात कोरून ठेवावे.

व्यापाऱ्याने आणखी दोन उदाहरणे वाचली पाहिजेत. पहिले असे : एका माणसाचे दुसऱ्याकडे एक हजार रुपयांचे रास्त येणे आहे. त्याला मदत म्हणून तिसरा माणूस शपथेवर खोटेच सांगतो, की कर्जदाराने हे येणे कबूल करताना मी ऐकले. येणे खरे आहे, तरीही ही साक्ष खोटा पुरावाच ठरते. दुसरे उदाहरण खोटा पुरावा रचण्याचे आहे आणि ते आता कलम २२८ खाली येते : न्यायालयात आधार म्हणून दाखवता यावी यासाठी दुकानदार आपल्या वहीत खोटी नोंद करतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी ‘दुकानाची वही’ हेच उदाहरण निवडावे, यात पुष्कळ काही आले.

शिक्षा कलम २२९ मध्ये आहे. न्यायिक कार्यवाहीत हेतुपुरस्सर खोटा पुरावा दिला किंवा रचला तर सात वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. इतर प्रसंगी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजारांपर्यंत दंड. खोट्या साक्षीने एखाद्याला मृत्युदंडाच्या गुन्ह्यात अडकवले तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, आणि त्यामुळे निरपराध माणूस फासावर गेला तर साक्ष देणाऱ्यालाही मृत्युदंड होऊ शकतो.

‘मी देवाची शपथ घेतली नव्हती, नुसती प्रतिज्ञा केली होती’ ही पळवाट चालत नाही. १९६९ च्या शपथ अधिनियमाने शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा यांना एकच मान दिला आहे, आणि पुरावा देणारा प्रत्येक माणूस सत्य सांगण्यास बांधलेला आहे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. न्यायिक कार्यवाही म्हणजे केवळ न्यायाधीशांसमोरचे काम, हीही एक गैरसमजूत आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ७० प्रमाणे समन्स काढून अधिकारी जी चौकशी करतो, तीही या प्रयोजनासाठी न्यायिक कार्यवाही मानली जाते. १९६१ च्या आयकर कायद्यातही अशीच तरतूद करण्यात आली होती. त्यामुळे बनावट बिलांविषयी अधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब ही कार्यालयातली साधी बातचीत नसते.

खऱ्या दाव्याला खोटा टेकू

समजा, बोईसरच्या एका व्यापाऱ्याने तारापूर वसाहतीतील कारखान्याला रसायनांसाठी लागणारे प्लास्टिकचे पिंप पुरवले. बिल चार लाख ऐंशी हजारांचे. माल ओळखीवर गेला, पोच घ्यायची राहिली. कारखान्याने दिलेला धनादेश शिल्लक नसल्यामुळे परत आला. नोटीस गेली, पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, आणि परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे पालघरला फिर्याद दाखल झाली. या प्रकरणात फिर्यादीला आपला पुरावा प्रतिज्ञापत्रावर देता येतो. पोच नसल्याची काळजी वाटून त्याने मागल्या तारखेचे चलन तयार केले, भांडारपालाच्या नावाने कोणाकडून तरी सही करवून घेतली, आणि ‘माल देताना ही पोच मिळाली’ असे शपथेवर लिहिले. उलटतपासणीत दिसून आले, की तो भांडारपाल त्या तारखेच्या महिनाभर आधीच नोकरी सोडून गेला होता.

आता येणे खरे असूनही व्यापाऱ्याच्या प्रत्येक शब्दाकडे न्यायालय संशयाने पाहणार. वाईट याचे वाटते, की त्या चलनाची त्याला गरजच नव्हती. धनादेशावरील सही कबूल असेल तर तो कायदेशीर देण्यापोटी दिला होता असे कलम १३९ प्रमाणे न्यायालयाने गृहीत धरायचे असते; ते खोडून काढण्याची जबाबदारी धनादेश देणाऱ्यावर असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली रंगप्पा प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. कायद्याने जे आधीच हाती दिले होते, ते व्यापाऱ्याने खोट्या कागदाने स्वतःच गमावले. ‘पोच घेतली नव्हती’ एवढे खरे वाक्य त्याला तारू शकले असते.

घरातले प्रतिज्ञापत्र

याहून नाजूक प्रकार घरात घडतो. वडील जातात. त्यांच्या नावे बँकेत ठेवी असतात, काही समभाग असतात, एखादा गाळा असतो. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात दोन मुलगे आणि आई यांची नावे येतात. नाशिकला किंवा सुरतेला दिलेल्या मुलीचे नाव येत नाही. ‘तिचे लग्नात सगळे केले आहे’, ‘तिला विचारले तर ती नाही म्हणणार नाही’, अशी कारणे दिली जातात. भावांच्या मनात कदाचित कपटही नसते. पण ‘आमच्याव्यतिरिक्त मयतास अन्य वारस नाही’ हे वाक्य खोटे असते आणि लिहिणाऱ्याला ते खोटे असल्याचे ठाऊक असते.

१९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम जैनांनाही लागू आहे, आणि त्याप्रमाणे मुलगी ही मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस आहे. वारसा प्रमाणपत्राच्या अर्जात जाणूनबुजून असत्य विधान करणे १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमाने गुन्हा ठरवले आहे. बहिणीला हिस्सा नको असेल तर खरा मार्ग सोपा आहे : तिचे नाव लिहावे आणि तिच्याकडून रीतसर हक्कसोडपत्र घ्यावे. हा मार्ग टाळण्याचे कारण बहुधा एकच असते. तिला विचारले तर ती खरोखर ‘नाही’ म्हणेल की काय, याची धास्ती. पाच स्थूल असत्यांपैकी ठेव नाकारणे आणि खोटी साक्ष ही दोन्ही या एका कागदात एकत्र येतात.

लोकमान्यांवरील आरोप

न्यायालयाने साक्षीवर अविश्वास दाखवला म्हणजे साक्षीदार खोटारडा ठरतो काय? या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर महाराष्ट्रातच मिळाले, आणि आरोपीच्या जागी उभे होते लोकमान्य टिळक.

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. आपल्या मृत्युपत्राच्या विश्वस्तांत त्यांनी टिळकांना घातले होते. मृत्यूनंतर जन्मलेला त्यांचा मुलगा फार जगला नाही, तेव्हा मृत्युपत्राप्रमाणे दत्तक घेण्याचा प्रश्न आला. जून १९०१ मध्ये औरंगाबादला पंडित घराण्याच्या शाखेतील जगन्नाथ या मुलाला ताई महाराजांनी दत्तक घेतले, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. पुढे ताई महाराजांनी ते नाकारले, ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले, आणि विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द करण्यासाठी अर्ज केला. जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये टिळकांच्या विरुद्ध निर्णय दिला आणि खोटी साक्ष, खोटा पुरावा रचणे इत्यादी आरोपांवर त्यांच्याविरुद्ध फौजदारी कारवाईचा आदेश दिला. औरंगाबादचे दत्तविधान झालेच नाही असे न्यायाधीशांना वाटले. म्हणून ते झाले असे शपथेवर सांगणारे टिळक खोटे ठरले.

ऑगस्ट १९०३ मध्ये खास दंडाधिकारी क्लेमेंट्स यांनी टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड सुनावला. जानेवारी १९०४ मध्ये सत्र न्यायाधीश लूकस यांनी दोष कायम ठेवून शिक्षा सहा महिन्यांवर आणली. मात्र ३ मार्च १९०४ रोजी मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी ती शिक्षा रद्द केली. दिवाणी दावा पुढे चालूच राहिला. खालच्या न्यायालयात तो टिळकांच्या बाजूने लागला, १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात उलटला, आणि अखेर मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरवले. साक्षीदाराचे आधीचे विधान त्याच्याविरुद्ध वापरायचे असेल तर ते त्याच्यासमोर ठेवून खुलाशाची संधी दिली पाहिजे, हा त्या निकालातील दंडक आजही न्यायालयांत सांगितला जातो.

ज्या विधानासाठी लोकमान्यांना कारावास सुनावला गेला, ते विधान अकरा वर्षांनी खरे ठरले. आरोपाचा डाग पुसायला एवढा काळ जावा लागला, म्हणूनच कायदा या गुन्ह्याच्या बाबतीत सावध राहतो.

फिर्याद कोण करणार?

ही सावधगिरी कार्यपद्धतीत दिसते. न्यायालयातील खोट्या साक्षीबद्दल प्रतिपक्षाला परस्पर पोलिसांत जाऊन खटला उभा करता येत नाही. ज्या न्यायालयात ती साक्ष झाली, त्यानेच किंवा त्याच्या वरिष्ठ न्यायालयाने लेखी फिर्याद करावी लागते. त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३४० होते. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७९ आहे. अर्ज कोणीही पक्षकार करू शकतो, पण न्यायहितासाठी कारवाई आवश्यक आहे असे न्यायालयाला वाटले तरच ते पुढे जाते. प्रत्येक विसंगतीवर खटले झाले तर खरा साक्षीदारही पिंजऱ्यात येण्यास धजणार नाही, आणि हरलेला प्रत्येक पक्ष जिंकलेल्यावर सूड उगवू पाहील.

पोलिसांना दिलेला जबाब शपथेवर नसतो. म्हणून केवळ तो फिरवला एवढ्याने हा गुन्हा होत नाही. मात्र दंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर एक आणि सत्र न्यायालयात शपथेवर त्याच्या नेमके उलट सांगितले, तर दोहोंपैकी कोणते खोटे हे सिद्ध न करताही दोष ठरू शकतो.

अशा खटल्यांची संख्या कमी असते, म्हणून कित्येकांना हा कायदा कागदावरचा वाटतो. पण खोटेपणाचा दाम खटल्याशिवायही मोजावा लागतो. हात स्वच्छ नसलेल्याला न्यायालय मनाईहुकूम देत नाही, खर्चाचा बोजा टाकते, आणि बाजारातील पत तर कोणत्याही निकालपत्राची वाट पाहत नाही.

सहीपूर्वीचा क्षण

व्यवहारात पाळण्याजोगे नियम मोजकेच आहेत. प्रतिज्ञापत्र स्वतः वाचावे; आपल्याला कळते त्या भाषेत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. स्वतः पाहिलेले, कागदावरून कळलेले आणि दुसऱ्याने सांगितलेले हे तीन प्रकार वेगळे लिहावेत. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावे; ते खरे असेल तर त्यात कमीपणा नाही. हरवलेल्या कागदाच्या जागी नवा कागद मागल्या तारखेने करू नये. तो हरवला असे लिहावे. चुकीचे विधान झाल्याचे ध्यानात आले तर वकिलामार्फत ते लवकर दुरुस्त करावे. दुरुस्तीने गुन्हा आपोआप पुसला जात नाही, पण वेळेवर सांगितलेल्या सत्याला न्यायालयात वजन असते. आणि दुसऱ्यासाठी साक्षीला उभे राहण्यापूर्वी, हे मी खरोखर पाहिले आहे काय, एवढे स्वतःला विचारावे.

परंपरेने खोट्या मापालाही कूटमानच म्हटले आहे. तराजूची दांडी सरळ ठेवण्यात ज्या पेढ्यांनी पिढ्या घालवल्या, त्यांच्या घरात प्रतिज्ञापत्राची सही मात्र न वाचता व्हावी, हे विसंगत आहे. वसुराजाला भर सभेत कोसळावे लागले. पालघरच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला तेवढे सोसावे लागत नाही. कागद हाती असतो, सही अजून व्हायची असते, आणि टंकलेखकाला थांबवून एक ओळ बदलून घ्यायला पाच मिनिटे पुरतात. यादीत बहिणीचे नाव घालायलाही तेवढीच.